दोन तासांचे कीर्तन आणि तीन मिनिटांची तबकडी



सप्ताहातले हरिकीर्तन रात्री नऊला उभे राहते आणि अकराला संपते. ही दोन तासांची मर्यादा कुठल्या यंत्राने घालून दिलेली नाही. जयघोष, भजन, मग निरूपणाला घेतलेला एकच अभंग, टाळकऱ्यांनी उचललेली त्याची चाल, एकेका चरणाचे चिंतन, त्याला संतांची प्रमाणे, एखादा दृष्टांत आणि फिरून फिरून ध्रुवपदावर येणे, एवढे सगळे निवांतपणे व्हायला तेवढा वेळ लागतो. पहिल्या चरणाशी महाराजांनी उभी केलेली शंका पुष्कळदा शेवटच्या चरणाशी सुटते. मधला अर्धा तास ज्याचा चुकला, त्याला नुसते उत्तर ऐकून काय कळणार?

आज गावोगावच्या संस्था, फड, दिंड्या आपापल्या महाराजांची जुनी कीर्तने संकेतस्थळावर ठेवू लागल्या आहेत. फार चांगली गोष्ट. पण बऱ्याच ठिकाणी एकच कीर्तन ‘भाग १’ पासून ‘भाग १२’ पर्यंत चिरलेले दिसते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते, ‘अख्खी फाइल फार मोठी होते, चालत नाही.’ या उत्तराला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. एके काळी ते अगदी खरे होते. आज ते खरे राहिलेले नाही, आणि तरीही त्या उत्तरापायी कीर्तने चिरली जात आहेत, म्हणून हा लेख.

नाद साठवता येऊ लागला त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे शब्द साठवले गेले. शके १२१२ मध्ये नेवाशाला माउली बोलत गेले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले. तुकोबारायांचे अभंग संताजी जगनाडे यांनी वह्यांत उतरवले. या लेखकांचे आपल्यावर केवढे ऋण आहे हे मी नव्याने सांगायला नको. पण वहीत शब्द येतात, चाल येत नाही. कोणत्या अक्षरावर थांबायचे, ध्रुवपद कुठे उचलायचे, मृदंगाने कुठे गप्प राहायचे, हे सगळे गळ्यातून गळ्यात आले. फडाफडाची गायकी वेगळी राहिली ती त्यामुळेच. ज्या पिढीत शिकणारा मिळाला नाही, त्या पिढीत ती चाल गेली.

आवाज धरून ठेवणारे यंत्र एडिसनने १८७७ मध्ये केले. दहा वर्षांनी एमिल बर्लिनर याने सपाट तबकडीचा ग्रामोफोन काढला. आपल्या देशात १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहर जान यांचे गाणे तबकडीवर घेतले गेले. गाणे संपताच त्या आपले नाव इंग्रजीत सांगतात, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापायच्या होत्या आणि तिथल्या कामगारांना ही तबकडी कोणाची ते कळायला हवे होते. या तबकडीच्या एका बाजूला वेळ किती, तर साधारण तीन मिनिटे. मोठी बारा इंची तबकडी असली तर साडेचारपर्यंत. ख्याल गाणाऱ्या थोर कलावंतांनी आपला तासाभराचा राग या तीन मिनिटांत बसवला, आणि काहींनी तो विलक्षण बसवला. पण कीर्तन कसे बसणार? हिशेब सोपा आहे. दोन तासांचे कीर्तन तीन तीन मिनिटांनी तोडले तर चाळीस बाजू होतात, म्हणजे वीस तबकड्या. आणि त्या भरताना महाराजांनी दर तीन मिनिटांनी थांबायचे. म्हणून तबकडीवर अभंग आला, आणि कीर्तन मंडपातच राहिले. अभंग घरोघर ऐकू येऊ लागला तो गाणे म्हणून, आणि त्यावरचे चिंतन मात्र मागे राहिले. ही ताटातूट यंत्राने केली. कोणाच्या मनात तसे नव्हते.

१९४८ मध्ये अमेरिकेत सावकाश फिरणारी लाँग प्ले तबकडी निघाली. तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटे बसत. त्याने गवयांची सोय झाली, कीर्तनकारांची झाली नाही. खरी सोय झाली ती चुंबकीय फितीने. फीत जर्मनीत १९३० च्या दशकातच आली होती, पण तिची मोठी चाके सांभाळणे आकाशवाणीसारख्या संस्थांनाच परवडे. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये ती हाताच्या पंज्यावर मावेल अशा कॅसेटमध्ये बसवली, आणि पुढच्या वीसेक वर्षांत टेपरेकॉर्डर खेड्यात पोहोचला. बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ कॅसेटमुळे किती घरांत पहाटे वाजू लागला हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्याशिवाय गावच्या सप्ताहात कर्ण्याखाली टेप ठेवून घेतलेली कीर्तने वेगळीच. त्यांना कंपनी नाही, वेष्टन नाही, पेनाने लिहिलेले महाराजांचे नाव आणि तिथी एवढीच ओळख. आज कपाटात पडून असलेला आपला खरा ठेवा तो आहे.

कॅसेटलाही तिची मर्यादा होतीच. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस, नव्वदची म्हणजे पंचेचाळीस. पंचेचाळिसाव्या मिनिटाला खट् आवाज व्हायचा आणि बाजू उलटेपर्यंत महाराज दोन वाक्ये पुढे गेलेले असायचे. ती दोन वाक्ये कायमची गेली. तरी वीस तबकड्यांवरून आपण दोन कॅसेटवर आलो होतो, ही प्रगती थोडी नाही.

मग आवाजाचे आकडे झाले. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर दर सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापे घेतलेली असतात, प्रत्येक मोजमाप दोन बाइटचे, आणि डावा-उजवा असे दोन पदर. म्हणजे एका सेकंदाला १,७६,४०० बाइट. दोन तासांच्या कीर्तनाला लावा हा हिशेब, १२७ कोटी बाइट भरतात. हीच ती ‘फार मोठी फाइल’. एकादशीचा रात्रभराचा जागर असा साठवू गेले तर आणखी एक गंमत होते. वेव्ह नावाची जी साधी फाइल असते, तिच्यात स्वतःचे आकारमान लिहायला जागाच एवढी आखूड आहे की चार जीबीच्या पुढचा आकडा तिला लिहिता येत नाही. पावणेसात तासांच्या आसपास तिची पाटी भरते. पहाटेचा काकडा तिच्यात मावत नाही!

ही फाइल लहान कशी करावी यावर जर्मनीतल्या एर्लांगेन गावी कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षे घालवली. त्यांची युक्ती माणसाच्या कानावर आधारलेली आहे. मृदंगावर थाप पडते त्या क्षणी शेजारचे बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाहीत. मग ते साठवायचेच कशाला? असे न ऐकू येणारे सगळे वगळून जी फाइल उरते तिला १९९५ च्या जुलैत एमपीथ्री हे नाव मिळाले. नेहमीच्या १२८ किलोबिट दराने तिच्यात एका सेकंदाला १६,००० बाइट लागतात. आपले कीर्तन १२७ कोटींवरून साडेअकरा कोटींवर, म्हणजे ११५ एमबीवर येते. एकाच मायक्रोफोनवर घेतलेल्या कीर्तनाला दोन पदर लागतच नाहीत. ते एकपदरी केले तर निम्म्यात काम होते.

इथे आपल्या टाळांविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. ही पद्धत पारखताना ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान वेगा या अमेरिकन गायिकेचे वाद्यांशिवाय गायलेले एक गाणे पुन्हा पुन्हा ऐकले, कारण उघडा मानवी आवाज बिघडला की लगेच कळतो. दुसरी अवघड परीक्षा कॅस्टानेट्स या स्पॅनिश लाकडी टाळ्यांची होती. अचानक उमटणारा तीक्ष्ण नाद या पद्धतीत नीट मावत नाही. खळखळाट त्या नादाच्या आधीच किंचित ऐकू येतो. आता विचार करा, वाचकहो, मागे चाळीस टाळकरी उभे आहेत आणि पुढे महाराजांचा उघडा आवाज आहे. दोन्ही परीक्षा एकाच वेळी! म्हणून फाइल लहान करण्याच्या हौसेने दर फार खाली नेला की नुसते निरूपण ठीक ऐकू येते, पण गजर सुरू झाला की टाळ पाण्यात बुडवल्यासारखे वाजतात. आपल्या कीर्तनासाठी ही काटकसर बेतानेच करावी असे माझे स्पष्ट मत आहे. प्रवचनाला चालणारा दर गजराला चालत नाही.

वगळलेले परत येत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. एमपीथ्रीवरून पुन्हा एमपीथ्री केली, ती कोणी फोनवरून पाठवली, पलीकडच्याने तिची आणखी लहान केली, तर दर वेळी थोडे थोडे गळत जाते. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली ती याच तऱ्हेच्या झिजेमुळे. तीनशे वर्षांत नकलेवरून नक्कल होत गेली होती आणि ओव्यांत पाठभेद शिरले होते. नाथांना अनेक प्रती ताडून पाहता आल्या. आपल्या महाराजांच्या कीर्तनाची प्रत बहुधा एकच असते. म्हणून ती १२७ कोटी बाइटची मूळ प्रत दोन-तीन ठिकाणी जशीच्या तशी ठेवावी आणि संकेतस्थळासाठी दर वेळी तिच्यावरूनच नक्कल काढावी.

आता त्या चिरलेल्या भागांकडे येऊ.

१९९५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत रिअलऑडिओ नावाची सोय निघाली आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्या देशात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्या वेळच्या टेलिफोनच्या तारेवरून एका सेकंदाला जेमतेम १,८०० बाइट येत, म्हणजे सीडीला लागतात त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकेच. अख्खी फाइल आणून मग ऐकायची तर रात्र जाई. रिअलऑडिओने सांगितले, सगळी येईपर्यंत थांबू नका, येईल तशी ऐकत चला. मळ्यात मोटर हौदात पाणी टाकते आणि हौदातून पाटाला पाणी जाते, तसे हे काम आहे. वीज क्षणभर गेली तरी हौदात पाणी असेपर्यंत पाट वाहतो. यालाच आज मुले ‘बफर’ म्हणतात. आवाज मधे अडकला की समजावे, हौद रिकामा झाला.

पण कोणाला एक तास दहा मिनिटांपासून पुढचे ऐकायचे असेल तर? त्याचे साधे उत्तर १९९७ च्या जानेवारीत मिळाले. ब्राउझर आणि सर्व्हर यांनी एकमेकांशी कसे बोलायचे याचे जे नियम आहेत त्यांची नवी आवृत्ती त्या महिन्यात प्रसिद्ध झाली. तिच्यात ब्राउझरला असे मागता येऊ लागले की या फाइलमधला अमुक बाइटपासून अमुक बाइटपर्यंतचाच तुकडा दे. सर्व्हर तेवढाच देतो आणि २०६ हा आकडा कळवतो, म्हणजे ‘ही पूर्ण फाइल नव्हे, मागितलेला अंश आहे’. वर सांगितलेल्या दराने एक तास दहा मिनिटे म्हणजे ६ कोटी ७२ लाखावा बाइट. तिथून पुढचे मागायचे, बस्स. या मागणीला तंत्रज्ञ ‘रेंज’ म्हणतात. आपल्या डोंगरातल्या गावांत जी नसते ती रेंज वेगळी, हे सांगायला नकोच.

या नियमाचा अर्थ नीट लक्षात घ्या. फाइल सर्व्हरवर अखंड राहते. ऐकणाऱ्याकडे लागेल तेवढेच येते. तबकडी, कॅसेट, सीडी यांच्यापुढे कीर्तनालाच आपले अंग चोरावे लागत होते. इथे तसे राहिले नाही. दोन तासांचे कीर्तन दोन तासांचेच ठेवायला १९९७ पासून तत्त्वतः कसलीच अडचण नाही. काही वर्षे संकेतस्थळांवर फ्लॅश नावाचे वेगळे साधन घालून आवाज वाजवावा लागे. २००९ च्या सुमारास ब्राउझर स्वतःच ध्वनी वाजवू लागले आणि तोही अडथळा गेला.

मग ‘चालत नाही’ असा अनुभव का येतो? माझ्या पाहण्यात त्याची कारणे फाइलच्या आकारात नसतात. काही सर्व्हर तुकड्याची मागणी मानतच नाहीत. पुढे सरकवायला गेले की कीर्तन पुन्हा पहिल्यापासून लागते, किंवा मधले सगळे येईपर्यंत चाक फिरत राहते. हे सर्व्हर सांभाळणाऱ्याला सांगून दुरुस्त होते. एम-फोर-ए जातीच्या फाइलमध्ये अनुक्रमणिका पुष्कळदा शेवटी लिहिलेली असते. पोथीची अनुक्रमणिका शेवटच्या पानावर असावी तशी. ती हाती येईपर्यंत वाजायला सुरुवातच होत नाही. फाइल तयार करतानाच ती पुढे आणून ठेवता येते. एमपीथ्रीचा दर कीर्तनभर बदलता ठेवला तर वेळेवरून बाइट काढण्याचा वरचा सरळ हिशेब चुकतो, बोट एकीकडे आणि आवाज दुसरीकडे असे होते. दर एकसारखा ठेवला की ही कटकट नाही.

सगळ्यात मोठा घोळ घालते ती शोभेची लाट. काही संकेतस्थळांवर आवाज वाजताना त्याच्या चढउतारांचे चित्र दिसते. ते काढण्यासाठी प्लेअर कधी कधी अख्खी फाइल मागवतो आणि उलगडून मोबाइलच्या स्मरणात मांडतो. उलगडलेले दोन तास जवळजवळ अडीच जीबी होतात. साधा मोबाइल तिथेच मान टाकतो, आणि आजोबांना वाटते आपल्यालाच फोन वापरता येत नाही. शिवाय ऐकायला दहा मिनिटे आणि रिचार्जमधून गेले शंभर एमबी. चित्र हवेच असेल तर एकदा काढून वेगळे साठवावे. आणि पान उघडल्याबरोबर सगळी कीर्तने आपोआप उतरायला लागू नयेत, कोणी वाजवा म्हटले तरच मागवावीत, एवढी खबरदारी संकेतस्थळ बांधणाऱ्याला घ्यायला सांगावी.

आता कोणी म्हणेल, मोठमोठ्या कंपन्याही तुकडेच करतात की! करतात, खरे आहे. ॲपल कंपनीने २००९ मध्ये अशी रीत आणली की एकाच ध्वनिमुद्रणाचे काही काही सेकंदांचे तुकडे करायचे, त्यांची क्रमवार यादी करायची, आणि तेच मुद्रण दोन-तीन दर्जांत ठेवायचे. नेट जोरात असेल तेव्हा फोन वरच्या दर्जाचा तुकडा घेतो, मंद झाले की खालच्या दर्जाचा. पण ते तुकडे तुळशीच्या माळेतल्या मण्यांसारखे एका दोऱ्यात असतात. ऐकणाऱ्याला सांधा लागत नाही. आपण हाताने केलेल्या बारा भागांना तो दोरा नसतो. एमपीथ्री करताना प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता आपोआप मिसळली जाते. म्हणून भाग ४ संपून भाग ५ लागताना लय अडखळते, आणि जो चालीत रंगलेला असतो त्याचा हात टाळीवरून चुकतो. आणि भाग ७ एकट्याच कोणी पुढे पाठवला तर? महाराजांनी खंडनासाठी मांडलेला पूर्वपक्ष हेच त्यांचे मत म्हणून फिरू लागतो. हयात नसलेल्या कीर्तनकाराला त्यावर खुलासाही करता येत नाही. मला तरी चिरण्यातला हा धोका बाकी सगळ्यांहून मोठा वाटतो.

ऐकणाऱ्याला हवी ती जागा पटकन सापडावी ही मागणी रास्तच आहे. त्यासाठी फाइल चिरायची गरज नाही. फाइलखाली वेळांची यादी द्यावी. अभंग कधी सुरू झाला, दुसरा चरण कुठे, दृष्टांत कुठे, गजर कुठे. त्या वेळेवर बोट ठेवले की प्लेअर तिथे जातो आणि मागचे पुढचे कीर्तन आपल्या जागी अखंड राहते. ही यादी संगणकवाल्याने करण्यापेक्षा ज्याने महाराजांच्या मागे उभे राहून टाळ धरला आहे अशा माणसाने करावी. चाल कुठे बदलली ते त्यालाच कळेल, आणि असे टाळकरी अजून आपल्यात आहेत तोवरच हे होणार आहे. जमल्यास प्रत्येक कीर्तन कुठे थांबले होते ते त्या फोनवर लक्षात राहील अशीही सोय करावी. दोन तास एका बैठकीत ऐकायला आज फार थोड्यांना जमते.

कपाटातल्या कॅसेटींचे काम मात्र लांबवू नये. फितीवरचा लेप वर्षांनी सुटू लागतो, आणि चांगला वाजवणारा टेपरेकॉर्डर मिळणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. फीत एका जागी वर्षानुवर्षे गुंडाळून राहिली की एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर हलकासा उमटतो. त्यामुळे जुनी मुद्रणे लावली तर काही वेळा महाराज बोलायला सुरुवात करण्याच्या किंचित आधी, त्यांचाच पहिला शब्द अगदी दुरून आल्यासारखा ऐकू येतो. तरुण मुले तो दोष म्हणून संगणकावर पुसतात. संकेतस्थळासाठी काढलेल्या नकलेतून खुशाल पुसावा. मूळ प्रतीत तो राहू द्यावा.